धुण्याच्या दगडापाशी

नदीकाठच्या एका लहानशा गावात नारबा नावाचा गृहस्थ राहत होता. माणूस सरळ आणि कष्टाळू, पण टापटिपीचं त्याला भारी वेड. अंगणात वाळकं पान दिसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. बायको सगुणा नेमकी उलट. घरामागच्या तिच्या परसबागेत पाचोळा साचलेला, वेली वाटेल तशा चढलेल्या. त्यावरून नारबा तिला उठता-बसता बोलायचा. ती हसायची आणि पाचोळा होता तिथेच राहायचा.

एका वर्षी थंडीत सगुणा तापाने गेली. नारबाला घर खायला उठलं. माया तोंडाने बोलून दाखवायची त्याला कधी सवय नव्हती, आणि आता ऐकणारंच कुणी उरलं नव्हतं. फाल्गुन लागला तेव्हा त्याच्या मनात आलं, सगुणाची बाग तरी आपण देखणी करू. तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच राहिलं होतं.

त्याने कुदळ उचलली, तोच शेजारच्या हौसाबाईंनी कुंपणावरून हाक दिली.

"भावजी, एवढी घाई कशाला? सगुणा पाडव्याआधी हितं कुदळ लावू देत नव्हती."

का, हे नारबाने विचारलं नाही. तो म्हणाला, "तिला साफसफाईचा कंटाळाच हुता, वहिनी. आता तरी बाग लख्ख दिसू दे."

हौसाबाई पुढे काही सांगणार होत्या, पण नारबाची कुदळ चालू झाली होती. दुःखातल्या माणसाशी वाद कसला घालायचा म्हणून त्या आत गेल्या.

नारबाने वाळक्या वेली ओढून काढल्या, पाचोळा भरला. धुण्याच्या दगडापाशी तर नुसती उघडी माती होती. तीही त्याने खोल खणली. आतून गाठीगाठींची मुळं निघाली. कुजकी असतील, असं म्हणून त्याने ती पाटीत भरली आणि सगळा कचरा गावच्या होळीत नेऊन टाकला. जाळ चढला तसा कापरासारखा वास सुटला. लोकांना वाटलं, नारबाने सगुणाच्या नावाने कापूर टाकला. नारबालाही बरं वाटलं. मग त्याने दोरी धरून सरळ वाफे ओढले आणि मिरची, वांगी, झेंडू लावले.

चैत्र आला. एके दिवशी जेवायला बसल्यावर त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दर चैत्रात ताटाशेजारी पाण्याच्या वाटीत एक पांढरं-जांभळं फूल असायचं. सगुणा ठेवायची. तो जेवायचा, हात धुवायचा आणि उठायचा. आता तेच फूल तिच्या फोटोपुढे ठेवावं म्हणून त्याचा जीव तळमळला. तो हौसाबाईंकडे गेला.

"वहिनी, ती फुलं सगुणा कुठनं आणायची?"

हौसाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आणायची कुठनं? तुमच्याच परसात, धुण्याच्या दगडापाशी. भुईचाफा त्यो. थंडीत पानं वाळत्यात, गड्डे मातीत निजत्यात. चैतात उघड्या मातीतनं फूल वर येतंय. तिचं माहेर धरणाखाली गेलं, तवा तेवढे गड्डे ओच्यात बांधून आणले हुते तिनं."

नारबाला तो कापराचा वास आठवला.

"तुमच्याकडं हाय का एखादा गड्डा?"

"न्हाई, भावजी. यंदा पाडवा झाला की देते म्हणली हुती."

नारबाने सगळी बाग हातांनी उकरली. लावलेली रोपं उपटली गेली, नखांतून रक्त आलं, पण एक गड्डा हाती लागला नाही. होळीची राखसुद्धा वाऱ्याने कधीच नेली होती. संध्याकाळी त्याने ताटाशेजारी पाण्याची वाटी ठेवली. तिच्यात ठेवायला काही नव्हतं. "का गं?" एवढंच विचारायला त्याच्यापाशी संसाराची सगळी वर्षं होती, पण त्याने ते कधी विचारलं नव्हतं.

तात्पर्य: आपल्या माणसाचं काम ते माणूस असेतो विचारून समजून घ्यावं; न विचारता मागाहून केलेली माया जे जपायचं तेच खणून काढते.