पांढरे खडे

त्या राज्यात एकच रस्ता होता आणि तो कायम उखडलेला असे. मुंग्या तो दिवसा बुजवत, रात्रीही बुजवत. त्यावरून शेणकिडे आपापले गोळे मागच्या पायांनी ढकलत, पाठमोरे जात.

दूरच्या वारुळात शिकून परतलेल्या उर्वी नावाच्या तरुण मुंगीला पक्कं वाटत होतं, की कामावर मुंग्या मरतात त्या अंधारामुळे. तिने राणीला तसं पटवलंही. उद्यापासून रात्रपाळी बंद. त्या पाळीतली तिची आईही आता उन्हात राबणार होती.

तिथे एक रीत होती. गोळ्याखाली कुणी चिरडली गेली, की सोबतिणी त्या जागी खडा ठेवत. रात्री गेली तर काळा, दिवसा गेली तर पांढरा. ऊन कलताना उर्वी काळे खडे बघायला निघाली. काळे कुठेकुठे होते. पांढऱ्यांनी रस्त्याची कड भरली होती.

दिवसा जास्त जणी राबतात का, असं तिने मुकादमीण सारजाआत्याला विचारलं. आत्या म्हणाली, दोन्ही पाळ्यांना तेवढ्याच जणी आणि तेवढेच गोळे. रात्री काय तो कडेला दिवा लावून काजवा उभा असतो.

"आणि दिवसा?"

"दिवसा सूर्य आहे की गं. एवढी शिकलीस आणि हे विचारतेस?"

उर्वीने मग एका शेणकिड्याला थांबवलं. तो पायांमधून तिच्याकडे बघत म्हणाला, "रात्री काजवा दिसला की काळजात धस्स होतं, पोरी. चार पावलांवर थांबतो, गोळ्यावर चढतो, पुढे बघून घेतो. दिवसा काय बघायचं? सगळं दिसतंच." एवढं बोलून त्याने गोळा रेटला, तो थेट तिच्या अंगावर. ती जेमतेम बाजूला झाली.

रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी आई मातीचा कण तोंडात धरून खड्ड्यात उतरली, तेव्हा उर्वी काजव्याच्या पानाखाली जाऊन त्याला उठवत होती. तो कुरकुरला, उन्हात त्याचा दिवा कुणाला दिसणार?

"दिवा नाही दिसला तरी तुम्ही दिसाल, काजवेबुवा."

दोघं कडेला जाऊन उभे राहिले. पहिला गोळा गडगडत आला, मंदावला, थांबला. भर उन्हात एक शेणकिडा त्या गोळ्यावर चढला आणि डोळ्यांवर पाय आडवा धरून पुढे बघू लागला.