मुंगीसुद्धा नाही

तांबटआळीतल्या बायजाने आजारी नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी घर गहाण ठेवलं, तेव्हा धोंडूशेट सावकार जरासुद्धा घासाघीस न करता हो म्हणाले. तेवढ्यानेच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

आज तिने घडवलेले हंडे लग्नघरी पोचवायचे होते. त्याच पैशांतून कर्ज फिटणार होतं. ती हंडे उचलून निघणार, नेमके तेव्हाच शेट आले आणि सरळ आत येऊन खाटेवर बसले.

"हंडे खाली ठेव बायजा. ते गहाणात आहेत."

"शेटजी, बोली तर घराची झाली होती."

"घर म्हणजे काय नुसत्या भिंती? उंबऱ्याच्या आत जे जे येईल ते गहाण. कर्ज फिटेपर्यंत त्यातलं काही बाहेर जायचं नाही."

दारात शेजारी जमले होते. बायजा त्यांना म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" मग शेटकडे वळली. "म्हणजे काहीच नाही?"

"मुंगीसुद्धा नाही."

तिने हंडे खाली ठेवले, दार लावून कडी घातली आणि दाराला पाठ टेकून बसली.

"हे गं काय?"

"तुम्हीही उंबऱ्याच्या आत आलात शेटजी. जिथं मुंगी जात नाही, तिथं तुम्हाला कसं सोडू? कर्ज फिटलं की जा. पण हंडे विकल्याशिवाय ते फिटायचं कसं, हे तुम्हीच बघा. तोवर भाकरी टाकते."

बाहेर हशा पिकला. शेट घाम पुसत पुटपुटले, "बोली घराचीच होती."

"मोठ्याने सांगा. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

शेटनी मोठ्याने सांगितलं. मग कडी निघाली. आधी हंडे बाहेर पडले, त्यांच्यामागून शेट.