सगळ्या जागा धरल्यात

टेकवाडी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, हीच खरी पंचाईत होती.

गावाच्या चार एसटी गाड्या एकेक करून बंद झाल्या. एकच उरली. ती रात्री मुक्कामाला यायची आणि सकाळी तालुक्याला जायची. तीत मुंगी शिरायला जागा नसायची. केरबाची बायको अनसा वांग्यांची पाटी घेऊन बाजारापर्यंत उभीच. बिचारीचे पाय सुजायचे.

ती म्हणाली, “अवं, आधी पळत जायचं, रुमाल टाकायचा. मग जागा आपली.”

“बरं,” केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. केरबा पळत मांडवात गेला, नवरदेवाच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि ऐटीत बसला. नवरदेव मुंडावळ्या सावरत समोर उभा.

“रुमाल दिसत न्हाई व्हय?” केरबाने त्यालाच दटावलं.

अनसाने कपाळावर हात मारला. “अवं, अशा वक्ताला उठायचं. हात जोडून ‘बसा पावणं’ म्हणायचं.”

“बरं.”

बाजाराच्या दिवशी केरबाने गाडीत दोन जागा धरल्या. अनसा पाटी घेऊन चढते तोवर हा उठला, हात जोडले आणि म्हणाला, “बसा पावणं.” दोन पावणे बसले. अनसा पुन्हा उभी.

“जागा सोडायची न्हाई! सायेब आला तरी न्हाई! आन् सोडायचीच तर वाटंवरच्या पावण्यांना कशाला? गावाचा इचार करा!”

“बरं.”

त्याच आठवड्यात डेपोचे साहेब गाडीतून प्रवास करून पाहणार होते. गर्दी दिसली तर दुसरी गाडी, नाहीतर हीसुद्धा बंद. सरपंचांनी दवंडी पिटवली, सकाळी झाडून सगळ्यांनी गाडीत बसायचं. अनसाचा जीव टांगणीला लागला. गाडी गेली तर वांगी काय डोक्यावरून तालुक्याला न्यायची?

केरबाने गावाचा विचार केला. पहाटेच उठून त्याने दारोदारच्या दोऱ्यांवरचे पंचे, टॉवेल, परकर, लंगोट गोळा केले आणि गाडीतली एकूण एक जागा धरून टाकली. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात घोरत होते.

गाव आलं, चढलं आणि थबकलं. दुसऱ्याने धरलेल्या जागेवर टेकवाडीत कुणी बसत नाही. जो तो उभा राहिला. मागून चढलेले साहेब टेकायला गेले.

“ओ सायेब! लंगोट दिसत न्हाई व्हय?”

“कुणाचा आहे हा?”

“गावाचा!”

साहेबही उभे राहिले. गाडी निघाली. बाकं रिकामी, माणसं उभी. सरपंचांनी डोळेच मिटून घेतले. आता गाडी गेलीच म्हणून अनसाला रडू आलं.

तालुक्याला उतरताच साहेब फलाटावर मटकन खाली बसले. “काय ही गर्दी! मला बसायला जागा मिळेना!” असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे दुसरी गाडी मंजूर केली.

गावाने केरबाला हार घातला. पुढच्या बाजाराला देवळापुढे दोन गाड्या उभ्या राहिल्या. अनसा हरखून म्हणाली, “आज तरी बसून जाऊ. पळा, जागा धरा.”

केरबा पळाला. पुढच्या गाडीत त्याने दोन रुमाल टाकले. मग अनसाचा हात धरून तिला मागच्या, गच्च भरलेल्या गाडीत चढवलं.

“अवं, आपली जागा पुढच्या गाडीत हाय न्हवं?”

“हाय की. ती कोन बळकावतंय का, ते हितनं बघू.”

दोन्ही गाड्या सुटल्या. अनसा पाटी घेऊन बाजारापर्यंत उभी.