मरींडीचे वाकडे चर्च

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ओपल या रंगीत रत्नाच्या खाणींचे मरींडी नावाचे गाव आहे. वर उन्हाचा असा कहर, की माणसे जमिनीखाली दगडात घरे खोदून राहतात. चर्चही खालीच. पायऱ्या उतरून आत गेले की लांबट, गार दालन लागते आणि पाहुणे वेदी शोधू लागतात, तर समोर कोरी भिंत! चर्च कोपरात दुमडलेल्या हातासारखे मध्येच डावीकडे वळले आहे. पाहुणे असे बुचकळ्यात पडले की चर्च दाखवणाऱ्या ओल्गाबाईंना फार मजा येते. "आमच्या लोकांना सरळ खोदता येत नाही, असं समजू नका हं," असे बजावून त्या गोष्टीला हात घालतात.

फार वर्षांपूर्वी म्हणे मातो नावाचा खाणकामगार दोर तुटून खोल खाणीत पडला. अंधारात पडल्या पडल्या त्याने मरियामातेला नवस केला: मला जिवंत बाहेर काढ, मी तुझ्यासाठी चर्च खोदीन, आणि खोदताना ओपल निघाले तर त्यातला खडाही घरी नेणार नाही. सोबत्यांनी त्याला वर ओढले तेव्हा पाय मोडला होता, बाकी माणूस धडधाकट होता.

पाय बरा होताच मातो कुदळ घेऊन कामाला लागला. सोबतीही मदतीला आले. दालन अगदी सुतात पुढे सरकत होते, आणि एके दिवशी डाव्या भिंतीत निळी-हिरवी रेघ चमकली.

आता खाणकामगाराला ओपल दिसणे म्हणजे मांजराला उघडे दूध दिसणे. नुसते बघू या कुठवर जाते, असे म्हणत मातोने हातभर खोदले. मग आणखी हातभर. "मातो, आपण वळतोय रे," कुणीतरी म्हणाले. "वेदीला जरा आडोसा हवाच की!" मातोने ठोकून दिले. रेघेमागून चर्च वळत गेले आणि खडे मातोच्या खिशात जात राहिले. नवस आठवला की तो मोठमोठ्याने शीळ घालू लागे, असे सांगतात.

एका सकाळी त्याची कुदळ आरपार गेली. पलीकडून कॉफीचा वास आला आणि पाठोपाठ आवाज, "मेल्यांनो, माझं फडताळ!"

ते एकट्या राहणाऱ्या तेरेझाकाकूंचे स्वयंपाकघर होते. फादर गावात आले की मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, उघड्या माळावर व्हायची आणि गुडघे गेल्यापासून काकूंना ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. भोकातून डोकावत त्यांनी विचारले, "खोदताय तरी काय?"

"चर्च," मातो पुटपुटला.

काकू एप्रनने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यासाठी इथवर आणलंत?"

मातोला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर म्हातारीचे मन मोडते. त्याने नुसती मान खाली घातली.

रविवारी फादर चर्चला आशीर्वाद द्यायला आले. वेदी काकूंच्या स्वयंपाकघराला लागूनच मांडली होती. फादर हात उचलणार, तोच मातोने पुढे होऊन दोन्ही खिसे वेदीपुढे रिकामे केले. "फादर, मी काकूंसाठी नाही वळलो. हावेपायी वळलो, नवस मोडला. हे चर्च बाद म्हणा. मी बुजवतो आणि नवं खोदतो, सरळ."

फादर काही बोलण्याआधीच काकू खुर्चीतून कडाडल्या, "खबरदार बुजवलंस तर! तुझ्या हावेला माझं घर सापडलं. भक्तीला सापडलं होतं का?"

फादर म्हणे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी तसाच आशीर्वाद दिला, आणि मातोने एकेक खडा चुन्यात बसवून भिंतीला परत केला.

शेजाऱ्याच्या टाकाऊ मातीतही ओपल शोधणाऱ्या या गावात त्या खड्यांना अजून कुणी नख लावलेले नाही. आणि आजही मरींडीत कुणाचे खोदकाम वाकडे गेले, तर त्याला कुणी हसत नाही. लोक आधी विचारतात, पलीकडे कोण एकटे राहते?