गाळलेली मुलतानी

"सगळंच कशाला न्यायचं, बुवा?"

श्रीरंगने लॅपटॉप जनार्दनबुवांच्या गादीपाशी सरकवला. शेजारी, वायरीला जोडलेली नवी डिस्क होती. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी.

"ही जुनीपेक्षा वेगवान आहे, पण हिच्यात जागा कमी. जुनी तर कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून आज नव्या डिस्कवर घेऊ तेवढंच राहील."

"काय काय आहे त्यात?"

"तुमची सगळी तालीम, बुवा. मी कुरुंदवाडला तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हापासूनची."

बुवा नुसतेच हसले. त्यांचं गाणं थांबून बरीच वर्षं झाली होती. आवाज गेला तो गेलाच.

श्रीरंग मात्र आता मोठा गवई झाला होता. तो उत्साहाने सांगू लागला, "महिनाभर खपून एकेक फाईल स्वच्छ केलीय. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, भांड्यांचा आवाज, सगळं गाळलं. आता निव्वळ तुमचं गाणं उरलंय. मूळ फाईली पुसायच्या, तेवढी तुमची परवानगी हवी."

त्याने मुलतानी रागाची फाईल लावली. बुवांचा भरदार आवाज खोलीभर पसरला. एक ओरखडासुद्धा नव्हता.

बुवांनी डोळे मिटले. जरा वेळाने कान पुढे केला, जणू काही शोधत होते.

"ही आपल्या घरातलीच तालीम?"

"हो. घरातलीच."

"मूळ लाव."

श्रीरंग जरा हिरमुसला. त्याने मूळ फाईल लावली.

खरखर सुरू झाली. तंबोऱ्यामागे कुठेतरी कुकरची शिट्टी. मग बांगड्या वाजल्या, आणि दारातून आवाज आला...

"अहो, पुरे करा आता. पोराचा घसा बसलाय. आधी दोन घास खाऊ द्या त्याला."

काकू.

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी त्यांनी केलेलं पिठलं आणि गरम भात, ताटावर वाकून "आणखी घे रे" म्हणणं, सगळं श्रीरंगच्या डोळ्यांपुढे आलं. हेच वाक्य त्याने महिन्यापूर्वी पुसलं होतं. तान बिघडते म्हणून.

फाईलमध्ये काकू पुन्हा म्हणाल्या, "ऐकताय ना?"

त्या दिवशी बुवा ऐकत नव्हते. त्यांची तान चढतच गेली होती.

फाईल संपली.

"यात तिचं आणखी आहे?" बुवांनी विचारलं.

"जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये. कुठे हाक, कुठे नुसती पावलं..." श्रीरंग फाईलींची यादी खाली सरकवत गेला. "चुकलंच माझं. मूळ फाईलीच नेतो."

"मावतील?"

"मूळ फाईली मोठ्या आहेत, सगळ्या नाही मावणार. काहीतरी काढावं लागेल..." त्याने डोळे पुसले. "तुम्हीच सांगा, बुवा. काय काढू?"

बुवांनी हात लांब करून लॅपटॉपवर ठेवला. पाठीवर ठेवावा तसा.

"जिथे मी एकटाच गातोय, ते काढ."