म्हशीच्या पाठीवर पहिला कोण

"पण तुमचा अंदाज चुकतो, तरी लोक तुम्हालाच का विचारतात?"

भार्गव टिपणीसने हे विचारलं तेव्हा उधाणबाबा बांगड्याचे काटे काढत होते.

ते काटेच काढत राहिले. काटा घशात अडकण्यापेक्षा प्रश्न हवेत लटकलेला बरा, असा त्यांचा एकंदर स्वभाव.

आडबंदरचा त्यांचा मठ म्हणजे एक खोली, एक पडवी आणि एका फळीचं दार. दाराची दुसरी फळी बाबा समुद्रात घेऊन जातात. तिच्यावर उभे राहून लाटेवरून घसरत येतात. पावसाळ्यात मठात पाणी शिरतं त्याचं कारण हेच, पण बाबा ते छपरावर ढकलतात.

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली एक काळा खडक आहे. ओहोटीला तो वर येतो आणि डबक्यात बसलेल्या जनावरासारखा दिसतो, म्हणून त्याला म्हशीची पाठ म्हणतात. पाणी बेताचं असलं की बाहेरून आलेली लाट त्या पाठीवर उभी राहते आणि एका बाजूने अशी फुटत जाते, की लोक आजारपणाची रजा टाकून फळ्या घेऊन येतात.

उद्या समुद्र कसा असेल, हे रोज संध्याकाळी मठाच्या पडवीत बाबा सांगायचे.

"उद्या बरां." नाहीतर, "उद्या वायट."

एवढंच. आणि बऱ्याचदा उलटंच व्हायचं.

भार्गव ठाण्याची नोकरी सोडून बाबांकडे शिकायला आला होता. वाऱ्याची दिशा, लाटेची उंची, दोन लाटांमधलं अंतर, भरतीची वेळ, सगळं त्याच्या मोबाइलवर असायचं. नुसतं असायचं नाही, ते त्याला कळायचंही. तो क्वचितच चुकायचा. त्याचा गर्व पोकळ नव्हता, हीच तर अडचण होती.

"माका काय म्हायत," बाबा शेवटी म्हणाले. "तेंका इचार."

"विचारलं. म्हणतात, बाबांचं ऐकलं की बरं वाटतं."

"मगे?"

"बरं वाटण्याचा आणि हवामानाचा काय संबंध, बाबा?"

बाबांनी बोटं चाटली. ताटाकडे बघितलं. मग भार्गवकडे.

"आज सांजेक तू सांग."

भार्गव ज्यासाठी झुरत होता ते असं खरकट्या हाताने मिळेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने वाकून नमस्कार केला.

"रीत म्हायत आसा मां?"

"सांगेल त्याने आधी उतरायचं. माहीत आहे."

"आणि तो उतरल्याशिवाय..."

"दुसऱ्या कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. माहीत आहे, बाबा."

ही रीत मूळची होड्यांची. समुद्र चांगला आहे असं जो सांगेल, त्याची होडी पहिली. घरात बसून दुसऱ्याला समुद्रात पाठवायची सोय त्यात नव्हती. बाबांनी ती रीत होड्यांवरून फळ्यांवर आणली. आडबंदरला लोक बाकी बरंच काही मोडतात, पण ही रीत कोणी मोडत नाही.

संध्याकाळी पडवी भरली. सगळ्यांत पुढे नाबरबाई.

नाबरबाई आयुष्यभर इथल्या पोस्टात खिडकीवर बसल्या. निवृत्त झाल्यावर त्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना न सांगता बाबांकडून लाटेवर उभं राहायला शिकल्या. पण वाळूच्या किनाऱ्यावर, कमरेइतक्या पाण्यात. म्हशीच्या पाठीवर त्या कधी गेल्या नव्हत्या.

उद्या अकराच्या गाडीने त्या लेकाकडे नागपूरला निघाल्या होत्या. कायमच्या. घर विकून झालं होतं. नागपुरातही मोठा तलाव आहे, असं लेकाने त्यांना फोनवर समजावलं होतं.

जाण्याआधी त्यांना म्हशीच्या पाठीवरची एक लाट हवी होती. एकच.

भार्गव उभा राहिला. घसा साफ केला.

"नैर्ऋत्येकडून उधाण येतंय. लाट छातीइतकी, मधूनच एखादी डोक्याइतकी. दोन लाटांमध्ये भरपूर अंतर. पहाटेपासून मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, आणि तोही हलका. त्यामुळे लाट गुळगुळीत राहील. दहापर्यंत चालेल. मग ओहोटीने खडक उघडा पडेल आणि लाट मरेल."

इतकं सगळं एका दमात आडबंदरने कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे मी उतरू की नको?" नाबरबाईंनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं, बाई. मी फक्त अंदाज सांगतो."

"बाबा सांगतात रे. उतर म्हणतात, नाहीतर नको म्हणतात."

भार्गवने बाबांकडे पाहिलं. बाबा कोपऱ्यात दाराच्या फळीला मेण घासत बसले होते.

"उतरा," भार्गव म्हणाला. "डोळे झाकून उतरा. असा दिवस पुन्हा येणार नाही."

"तू आधी असशील ना?"

"असेन की."

नाबरबाई खूश होऊन सामान बांधायला गेल्या.

सकाळी समुद्र हुबेहूब तसाच होता.

भार्गवचा अंदाज कोणीतरी त्याला वाचून दाखवला असावा, आणि त्याने तो घोकून पाठ केला असावा, इतका तसाच. वारा जमिनीवरून. लाट गुळगुळीत. छातीइतकी, छातीइतकी, मग एक डोक्याइतकी. ती म्हशीच्या पाठीवर फुटली तेव्हा पायाखालचा कातळ हलला.

कातळाच्या कडेला फळ्या घेतलेल्या लोकांची रांग लागली. रांगेच्या तोंडाशी भार्गव.

या जागी तो अनेकदा उतरला होता. पण नेहमी तिसरा, चौथा. समोर कोणाची तरी पाठ असायची. आज समोर फक्त म्हशीची होती.

"ही जाऊ दे," तो म्हणाला.

ती गेली.

"वारा जरा बसू दे."

वारा बसलेलाच होता.

त्याने पायाला बांधलेली फळीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. मेण कमी वाटलं म्हणून आणखी लावलं. जास्त झालं म्हणून खरवडलं. मधल्या वेळात येणाऱ्या प्रत्येक लाटेची तो माहिती देत होता.

"ही बघा. डोक्याइतकी. म्हटलं होतं ना?"

सगळ्यांनी बघितली. लाट आली, उभी राहिली, सुंदर फुटत गेली आणि कोणालाही न घेता संपली.

रांगेत खोकले सुरू झाले. मग भेंडीच्या भावाबद्दल बोलणं सुरू झालं. कोणीतरी फळीवर बसून डबा उघडला.

नाबरबाई भार्गवच्या मागे दुसऱ्या. पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट, चष्म्याला नाडी बांधलेली. त्या म्हशीच्या पाठीकडे बघत होत्या. पाणी उतरत होतं. दोन लाटांच्या मध्ये आता एक काळा ठिपका दिसायला लागला होता.

"वेळ आहे ना रे अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे, बाई. भरपूर."

ठिपक्याचा ताटाएवढा डाग झाला.

"अजून आहे?"

"...आहे थोडा."

मग तो एकदम मागे वळला. "बाई, तुम्हीच जा ना पुढे."

रांगेतलं भेंडीचं बोलणं थांबलं.

"मी कशी जाऊ?" नाबरबाई म्हणाल्या. "सांगितलंस तू."

त्या रागावल्या नव्हत्या. पोस्टात जन्म गेलेली बाई, नियमावर काय रागावणार? त्यांचे डोळे मात्र भरून आले होते, आणि ते बघणं कोणालाच सोसत नव्हतं. भार्गवला तर मुळीच नाही. त्याला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पाय हलत नव्हते, एवढंच.

तेवढ्यात दाराची फळी डोक्यावर घेऊन उधाणबाबा आले. उशिरा, नेहमीसारखे.

त्यांनी रांग पाहिली. समुद्र पाहिला. भार्गव पाहिला.

"काय रे, अंदाज चुकलो?"

"नाही, बाबा. तंतोतंत आलाय."

"मगे?"

भार्गवने दोरीची गाठ पुन्हा तपासली.

"मगे, रे?"

"बाबा, तो... फारच बरोबर आलाय."

बाबांनी मान हलवली. वैद्याने जीभ बघून हलवावी तशी.

मग ते रांगेकडे वळले आणि पडवीतल्या आवाजात म्हणाले, "आयका. आज लाट नाय. दर्या सपाट आसा."

त्यांच्या पाठीमागे डोक्याहून मोठी लाट फुटली. तिचं पाणी उडून त्यांच्या दाढीतून ठिबकायला लागलं. आवाजात शेवटचे शब्द बुडाले, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितले.

"सपाट आसा."

आणि सदरा कातळावर काढून, दार पाण्यात टाकून, पाठोपाठ स्वतः उडी मारली.

नवा अंदाज सांगितला होता. सांगणारा उतरला होता.

पोस्टात शेजारची खिडकी उघडली की काय करायचं, हे नाबरबाईंना कोणी शिकवायला नको होतं. भार्गवच्या बाजूने वाट काढून त्या गेल्याही.

पहिल्याच लाटेने बाबांना उचललं. दार एकीकडे गेलं, बाबा दुसरीकडे, आणि त्यांचा पंचा तिसरीकडे. सबंध आडबंदर हसलं. बाबा नाकातलं पाणी शिंकरत वर आले तेव्हा स्वतःही हसत होते.

नाबरबाईंची पहिली लाट चुकली. दुसरीने त्यांना बुडवलं. तिसरी येताना बाबा त्यांच्या शेजारी ओरडले, "हात मार गो!"

त्यांनी हात मारले. आधी एक गुडघा वर आला, मग दुसरा, आणि मग नाबरबाई चक्क उभ्या होत्या.

दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून, नारिंगी जॅकेटमधल्या नाबरबाई म्हशीच्या पाठीवरून सरळ आल्या. पार्सलवर शिक्का मारायला लागतो तेवढाच वेळ, फार तर थोडा जास्त. मग पडल्या. वर आल्या तेव्हा चष्मा नाडीला लटकत होता आणि त्या कोणाला तरी मोठ्याने हाका मारत होत्या. बहुधा नवऱ्याला. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग सगळेच उतरले.

भार्गव उतरला नाही. कातळावर एकटा, कोरडा, लोकांच्या चपलांमध्ये उभा राहिला.

नाबरबाई बाहेर आल्या. कोपर खरचटलं होतं, केसांत शेवाळ होतं. त्या थेट त्याच्यापाशी आल्या आणि त्याचा हात धरला.

"तुझा अंदाज अगदी बरोबर होता हो, भार्गव. सगळं सांगितलंस तसंच."

त्या मनापासून बोलत होत्या, टोमणा नव्हता. त्यापेक्षा त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली असती तर त्याला परवडलं असतं.

"तब्येतीला जप," त्या म्हणाल्या. कोणीतरी मोटारसायकल आणली होती. सामान आधीच स्टेशनवर गेलं होतं, कपडे बदलायला वेळ नव्हता. तशाच ओल्या मागे बसून त्या स्टेशनकडे गेल्या. वळणापर्यंत मागे वळून समुद्राकडे बघत होत्या.

भार्गव त्या वळणाकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

मग त्याने मोबाइल बाबांच्या सदऱ्यावर ठेवला, फळी उचलली आणि कातळाच्या कडेवरून पाण्यात उतरला. डोळे घट्ट मिटून.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

त्याने डोळे उघडले.

दहा कधीच वाजून गेले होते. म्हशीची पाठ पुरती वर आली होती आणि तिच्यावर दोन बगळे बसले होते. लाटेचा पत्ता नव्हता. बाकीचे लोक कातळावर अंग पुसत होते, आणि आता सगळे त्याच्याकडे बघत होते.

"बाबा," भार्गव म्हणाला. "...समुद्र सपाट आहे."

हसण्याचा एक मोठा लोंढा आला आणि गेला. बाबा हसले नाहीत. त्यांचा पंचा सापडला होता, तो ते पिळत होते.

"भरती कधी?"

"संध्याकाळी चढेल."

"आणि लाट?"

भार्गवचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"येईल," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "...बहुतेक."

बाबांनी दार डोक्यावर घेतलं आणि ते मठाकडे चालायला लागले.

"बाबा, मग मी बाहेर येऊ?"

बाबा थांबले. दारासकट वळायला त्यांना जरा वेळ लागला.

"भायर कित्याक? थयच रव. सांजच्या भरतीक पयलो तूच."