तांबू आणि केरसुणी

एका गावात एक बाई राहायची. तिचं अंगण असं, की वाऱ्यावर उडत आलेल्या पानानंही तिथं पडताना बिचकावं. पहाटे उठून ती झाडायची, सडा घालायची, शेणानं सारवायची आणि मग रांगोळी काढायची. केरसुणी हातात घेऊनच जन्माला आली असेल, असं शेजारीपाजारी म्हणत. हसून म्हणत, पण मनातून सगळ्यांना तिचं कौतुक होतं. मलाही आहे, मात्र अंगणासाठी नाही. कशासाठी, ते सांगायलाच ही गोष्ट.

त्या गावात एक रीत होती. ज्वारीची मळणी झाली, की नव्या दाण्यांची पहिली पाटी गावातल्या सगळ्यात स्वच्छ अंगणात ठेवायची. तिथं तिची पूजा व्हायची आणि मगच घरोघर नव्या ज्वारीच्या भाकरी भाजल्या जायच्या. हा पहिल्या पाटीचा मान दरवर्षी या बाईच्याच अंगणाला मिळे. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून दारात उभी राही, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नसत.

घरात तिचा नवरा होता आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. मुलगा कामासाठी परगावी असायचा. सून गरीब स्वभावाची, हलक्या पावलांनी वावरणारी. सासू हाक मारायची, तेव्हा ती आधी दचकायची आणि मग "आले, आत्याबाई" म्हणायची.

एकदा धनगरांचा कळप गावावरून जात होता. त्यातल्या एका म्हाताऱ्या धनगरानं बाईच्या ओसरीवर पाणी मागितलं. जाताना त्यानं घोंगडीतून एक पिल्लू काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"बाई, ह्याची आई लांडग्याला भिडली व्हती," तो म्हणाला. "ह्यो बी राखण करंल. तेवढं मायेनं वाढवा."

पिल्लू तांबूस रंगाचं होतं, म्हणून त्याचं नाव तांबू पडलं. डोळे टपोरे, कान लोंबते आणि पोट तबल्यासारखं. बाईलाही तो आवडला. पण पिल्लू ते पिल्लूच! दुसऱ्याच दिवशी त्यानं रांगोळीच्या मधोमध बसून आपला कार्यभाग उरकला.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं केरसुणी उचलली आणि तांबूच्या पाठीत घातली. मग त्याची मान धरून त्याचं नाक घाणीवर घासलं. त्या गावात सगळे असंच करत. नाक घासलं की पिल्लाला अक्कल येते, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. खरंच येते का, हे पिल्लाला कुणी विचारलं नव्हतं.

असं बऱ्याचदा झालं. आणि मग एक नवल घडलं. अंगणात घाण दिसेनाशी झाली. सकाळी नाही, दुपारी नाही, कोपऱ्याकोपऱ्यात शोधूनही नाही.

"बघा, शिस्त म्हणतात ती ही!" बाई पाणवठ्यावर सांगू लागली. "एवढंसं पिल्लू, पण अंगण घाण करायची बिशाद नाही त्याची."

बायका तोंडात बोटं घालत. कुणी विचारत, "पण मग ते जातं कुठं?" बाई म्हणे, "जात असेल कुठंतरी ओढ्याकडे. शहाणं आहे ते."

शहाणपण उजेडात आणलं शेजारणीनं. ती कुडापलीकडे पापड वाळत घालत होती. अचानक तिनं नाकाला पदर लावला आणि ओरडली, "अगं, अगं! तुझं शहाणं पिल्लू बघ काय खातंय! स्वतःचीच घाण!"

बाई धावत बाहेर आली. तांबू जिभेनं जमीन साफ करत होता. बाईला पाहताच तो शेपूट पायांत घालून कुडाला चिकटला.

आता गावभर दुसरीच चर्चा सुरू झाली. सल्ले द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? एकीनं सांगितलं, भुकेनं खात असेल. बाईनं त्याला ताकात कुस्करलेली भाकरी पोटभर घातली. तांबूनं ती खाल्ली आणि नंतर तेही खाल्लं. दुसरीनं सांगितलं, त्यावर मिरचीची पूड टाक. बाईनं टाकली. तांबू शिंकला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं सगळं संपवलं. तिसरीनं सांगितलं, बैलासारखं मुसकं बांध. बाईनं सुतळीचं मुसकं विणलं. तांबूनं ते पायानं ओरबाडून काढलं आणि त्या नादात आपलंच नाक रक्ताळून घेतलं. वैद्यानं जंतांचं कडू औषध दिलं. जंत पडले, सवय तशीच राहिली. तबल्यासारखं पोट खपाटीला गेलं.

शेवटी नवरा म्हणाला, "हे बघ, पाटीच्या दिवशी सगळा गाव आपल्या अंगणात येणार. चारचौघांत त्यानं हे केलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तोवर ही खोड सुटली तर ठीक. नाहीतर मी त्याला ओढ्यापलीकडे सोडून येतो."

ओढ्यापलीकडच्या माळावर तरसं होती. तिथं सोडलेलं पिल्लू परत येत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सुनेनं चुलीपुढून वर पाहिलं आणि पुन्हा मान घालून ती भाकरी थापू लागली.

मायेनं वाढवा, असं तो म्हातारा म्हणाला होता आणि आपण तर केरसुणीनंच वाढवलं, हे बाईला आतून टोचू लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांचे सल्ले बाजूला ठेवले आणि एक साधी गोष्ट केली. ती ओसरीवर शेंगा सोलत बसली आणि तांबूकडे नुसती बघत राहिली.

तांबूनं अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन आपलं काम केलं. मग त्याकडे ढुंकूनही न बघता तो वासराच्या दाव्याशी खेळू लागला. बाई चकित झाली. थोडा वेळ गेला. घाण तशीच होती आणि तांबू मजेत होता. मग झाडून टाकावं म्हणून बाई उठली आणि तिनं कोनाड्यातली केरसुणी हातात घेतली.

तांबूनं केरसुणी पाहिली मात्र, तो सुसाट कोपऱ्याकडे धावला. धापा टाकत, डोळे बाईकडे लावून, त्यानं भराभरा सगळं गिळलं. मग तो जमिनीशी सपाट झाला आणि थरथरत पडून राहिला.

बाईनं हातातल्या केरसुणीकडे पाहिलं. "अगं बाई गं!" ती स्वतःशीच म्हणाली. "हा भुकेनं नाही खात. चवीनं नाही खात. मला दिसू नये म्हणून खातो!"

तिला रडू कोसळलं. एवढासा जीव, आणि त्याला तिनं हे शिकवलं होतं. मी म्हणतो, चूक सगळ्यांच्या हातून होते. पण आपली चूक समोर दिसली की बहुतेक माणसं नजर वळवतात. या बाईनं वळवली नाही, म्हणून ती मला थोर वाटते.

त्या दिवसापासून तिनं रीतच बदलली. तांबूचं खाणं झालं की ती त्याला उचलून उकिरड्यामागे नेई आणि त्याचं होईपर्यंत तिथं शांत उभी राही. झालं की लगेच त्याला हाक मारी, गोंजारी आणि भाकरीचा तुकडा देई. तो तुकडा खात असे, तोवर ती राख टाकून जागा साफ करी. कधी अंगणातच झालं, तर केरसुणीला हात न लावता सुपलीनं उचले. आरडाओरडा नाही, कपाळाला आठी नाही. तांबू आधी संशयानं बघायचा. मग त्याची शेपटी हलू लागली. तरी कुणाच्या हातात केरसुणी दिसली, की अजून तो दचकून आपल्या घाणीकडे वळायचा.

आणि पाटीचा दिवस उजाडला.

अंगण आरशासारखं लखलखत होतं. गावातल्या जाणत्या बाया येऊन बसल्या. पोरंटोरं कुडावर चढली. हलगी वाजू लागली आणि ज्वारीनं भरलेली पाटी एकाच्या डोक्यावरून दाराशी आली. तांबूला मागे गोठ्यात बांधलं होतं. हलगीच्या आवाजानं तो बिथरला, हिसडा मारून सुटला आणि माणसांच्या पायांतून वाट काढत नेमका अंगणाच्या मधोमध आला. घाबरलेलं पिल्लू दुसरं काय करणार? पाटी ठेवायच्या रांगोळीच्या चौकावरच बसून त्यानं घाण केली.

हलगी थांबली. सगळ्यांच्या माना बाईकडे वळल्या. नवऱ्यानं खुंटीवरची दोरी काढली.

"बघत काय राहिलीस?" शेजारीण म्हणाली आणि तिनं केरसुणी बाईच्या हातात कोंबली. "घाल त्याच्या पाठीत!"

इतक्या वर्षांची सवय. बाईची मूठ केरसुणीवर आवळली. दरवर्षीचा मान, नवं लुगडं, सगळ्या गावाचे डोळे, सगळं तिच्या अंगात उकळत होतं. तांबूनं ती केरसुणी पाहिली. तो थिजला आणि त्यानं हळूहळू मान खाली वळवली.

बाईनं केरसुणी टाकून दिली.

"अगं, लक्ष्मी टाकलीस!" कुणीतरी ओरडलं. बाईनं ऐकलं नाही. ती नव्या लुगड्यानिशी जमिनीवर बसली आणि दोन्ही हात पुढे करून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ये तांबू. काही नाही झालं. ये बाळा."

तांबूनं घाणीकडे पाहिलं. बाईकडे पाहिलं. आणि ते सगळं तिथंच टाकून तो धावत तिच्या मांडीत शिरला.

बाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठून केरसुणी उचलली, तिला नमस्कार करून ती कोनाड्यात ठेवली. सगळ्यांच्या देखत तिनं राख आणली, घाण सुपलीत भरली आणि उकिरड्यावर टाकून आली. हात धुऊन ती जाणत्या बायांपुढे उभी राहिली.

"पाटी शेजारणीच्या अंगणात न्या," ती म्हणाली. "यंदा मान तिचा. माझ्याकडे शिकाऊ पोर आहे."

जाणत्या बायांमधली सगळ्यात थोरली एवढंच म्हणाली, "बाई गं, गर्दीत मन आवरणं सोपं नसतं." पाटी कुडापलीकडे गेली. नवऱ्यानं दोरी पुन्हा खुंटीला अडकवली.

पूजा संपली, माणसं पांगली. बाई चौकाची जागा सारवत होती आणि तांबू तिच्या बाजूला पाय ताणून झोपला होता. तेवढ्यात सून येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मला अजून भाकरी नीट जमत नाही. रोज दोन-तीन करपतात. तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी त्या चुलीपुढेच खाऊन टाकते. कोरड्या, काळ्या. पोटात फार दुखतं हो."

सारवणारा हात थांबला. मग शेणाचे हात तसेच आखडून, कोपरानंच बाईनं सुनेला जवळ ओढलं.

"उद्यापासून करपलेली भाकरी माझ्या ताटात वाढायची," ती म्हणाली. "आणि पुढची आपण दोघी मिळून थापू."

तात्पर्य काय, तर धाकानं चूक थांबत नाही. ती फक्त कुणाच्या तरी पोटात जाते.